कौतुक पुष्कळ झाले, आता न्याय हवा

पालघर, बोईसर आणि तारापूर ह्या पट्ट्यात शार्दुल ठाकूरच्या नावावर एकमत होणे कठीण आहे. सकाळच्या गाडीत चौथ्या आसनासाठी अंग चोरून बसणारे चाकरमाने, कारखान्याच्या पाळीवरून परतणारे कामगार, बँकेतले कारकून आणि शाळेतले शिक्षक ह्यांच्यात ह्या एका खेळाडूवरून सरळ दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या मते त्याच्यासारखा संकटकाळी धावून येणारा गडी भारतीय संघात दुसरा नाही, आणि त्याला डावलणारी निवड समिती मोठाच अन्याय करीत आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते तो अर्धा गोलंदाज आणि अर्धा फलंदाज आहे, आणि दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो हे गणित क्रिकेटमध्ये खरे ठरत नाही. दोन्ही पक्षांना आपापले सामने तोंडपाठ आहेत. मात्र दुसऱ्याच्या पदरात असलेले सामने आठवण्याची तयारी कोणाचीच नाही. वाद रंगतो, पण निकालापर्यंत जात नाही, तो ह्यामुळेच.

खेळाच्या मैदानावर काही जागाच अशा असतात की तेथे उभ्या राहणाऱ्याचे काम लोकांच्या ध्यानात येते ते तो चुकल्यावर. फुटबॉलमधला गोलरक्षक ह्याचे ठळक उदाहरण होय. १९५० च्या विश्वचषकात, १६ जुलै रोजी, रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरविले. निर्णायक गोल गिग्गियाचा होता, आणि तो अडविता न आलेला गोलरक्षक होता बार्बोझा. तो त्या काळच्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक मानला जाई, परंतु त्या एका क्षणाने त्याची बाकीची सारी कारकीर्द पुसून टाकली. २००० साली त्याचा मृत्यू झाला. तोवर पन्नास वर्षे तो त्या एका गोलाची शिक्षा भोगीत राहिला. आपल्या देशात कमाल शिक्षेलाही ह्याहून कमी मुदत असते, अशी खंत त्याने उतारवयात बोलून दाखविली होती. क्रिकेटमध्ये आठव्या क्रमांकावर फलंदाजीला येणारा आणि चौथा किंवा पाचवा गोलंदाज म्हणून चेंडू हाती घेणारा खेळाडू काहीसा ह्याच जातीचा. संघाचे सारे सुरळीत चालले असेल तर त्याची आठवणही होत नाही. ती होते ती गाडी रुळावरून घसरल्यावर, आणि तेव्हा त्याच्याकडून अपेक्षा असते ती चमत्काराचीच.

शार्दुल तेथवर पोचला तो कोणत्या वाटेने, हे ह्या भागातील वाचकांना नव्याने सांगायला नको. पण त्या वाटेचा विसर पडला की मूल्यमापन चुकते. १९९१ च्या १६ ऑक्टोबरला पालघर येथे जन्मलेला हा मुलगा बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून खेळत असता बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेस पडला. रोहित शर्माला घडविणारे आणि २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार लाभलेले हेच ते लाड. पालघरहून रोज बोरिवलीला येजा करून शाळा आणि सराव दोन्ही साधणार नाहीत, हे ओळखून त्यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. परक्याच्या मुलाला स्वतःच्या ताटातला घास देणारा शिक्षक ज्याला भेटतो त्याचे निम्मे दैव उजळलेच म्हणायचे. २००६ मध्ये हॅरिस शील्डच्या एका सामन्यात ह्या मुलाने एकाच षटकात सहा षटकार मारले. सोबर्सने १९६८ मध्ये आणि रवी शास्त्रीने १९८५ मध्ये केलेल्या पराक्रमाची शालेय मैदानावरची ही आवृत्ती होती.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. २०१२ मध्ये तो मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळला, आणि पहिल्या चार सामन्यांत त्याची गोलंदाजीची सरासरी ८२ इतकी वाईट होती. कित्येक मुलांची नावे अशा आकड्याखाली कायमची गाडली गेली आहेत. हा मुलगा गाडला गेला नाही. २०१४-१५ च्या हंगामात त्याने ४८ बळी घेतले, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत पुण्यास झालेल्या रणजी अंतिम सामन्यात सौराष्ट्राचा दुसरा डाव २६ धावांत पाच बळी घेऊन गुंडाळला. १९३७ ते १९४६ ह्या काळात गाजलेल्या पंचरंगी सामन्यांपासून मुंबईने क्रिकेटपटू पुष्कळ दिले. परंतु विरारच्या पलीकडून येऊन भारताची टोपी मिळविणारा खेळाडू विरळाच.

आता जमेची बाजू पाहू. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादेस तो पहिली कसोटी खेळला, आणि दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीने बाहेर गेला. दुसरी कसोटी मिळायला सव्वादोन वर्षे लागली. ती ब्रिस्बेनची. प्रमुख गोलंदाजांपैकी जवळजवळ सारेच जायबंदी, भारताची अवस्था ६ बाद १८६, आणि समोर १९८८ पासून त्या मैदानावर न हरलेला ऑस्ट्रेलियाचा संघ. कमिन्सला षटकार मारून त्याने खाते उघडले, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी केली, स्वतः ६७ धावा काढल्या आणि सामन्यात सात बळी घेतले. १९ जानेवारी २०२१ रोजी भारताने तो सामना तीन गडी राखून जिंकला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ओव्हलवर त्याने ३१ चेंडूंत अर्धशतक झळकावले. इंग्लंडच्या भूमीवर कसोटीत इतके जलद अर्धशतक त्यापूर्वी कोणी केले नव्हते. पहिल्या डावात ५७, दुसऱ्यात ६०, शिवाय जो रूटचा त्रिफळा. अजित वाडेकरांच्या संघाने १९७१ मध्ये जे मैदान जिंकले ते पुन्हा जिंकण्यास भारताला पन्नास वर्षे लागली, आणि त्या विजयात पालघरच्या मुलाचा वाटा मोठा होता. २०२२ च्या जानेवारीत जोहान्सबर्गला त्याने ६१ धावांत सात गडी बाद केले. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटीत कोणाही भारतीय गोलंदाजाने केलेली ही सर्वोत्तम कामगिरी. सामना मात्र भारताने गमावला.

नावेची बाजूही तितक्याच स्वच्छ नजरेने वाचली पाहिजे. शार्दुलची गोलंदाजी महाग पडते, हा आक्षेप निराधार नाही. त्याचा वेग जेमतेम मध्यमच्या वर आहे. चेंडू हवेत वळला नाही किंवा खेळपट्टीने साथ दिली नाही तर फलंदाजाला धाकात ठेवण्यासारखे दुसरे शस्त्र त्याच्या भात्यात फारसे नाही. २०२३ च्या डिसेंबरात सेंच्युरियनला त्याच्या १९ षटकांत १०१ धावा गेल्या आणि बळी मिळाला एक. त्याच वर्षीच्या विश्वचषकात तो तीन सामने खेळला. मग संघाची रचना बदलली, मोहम्मद शमी आत आला आणि त्याने जे केले ते पाहिल्यावर शार्दुलला आधी का खेळविले, असा प्रश्न लोकांनी विचारला तर त्यांना दोष देता येत नाही. २०१७ मध्ये त्याने दहा क्रमांकाची बंडी घातली तेव्हाही गहजब उडाला होता. जन्मतारखेच्या अंकगणितावरून निवडलेला तो आकडा तेंडुलकरांचा होता, हे ध्यानात न घेणे अविचाराचे झाले. त्याने तो आकडा सोडला, आणि ५४ हा घेतला. प्रमाद लहान होता आणि दुरुस्तीही झाली. त्यावर आजही कोणी टोचत असेल तर ते क्षुद्रपणाचे लक्षण होय.

ह्या साऱ्या गदारोळात त्याला ‘लॉर्ड’ ही पदवी बहाल झाली. ती देणाऱ्यांच्या मनात प्रेम किती आणि थट्टा किती, हे त्यांनाही सांगता येणार नाही. आम्हांला ही पदवी मुळीच आवडत नाही. ज्याला लॉर्ड म्हणून डोक्यावर घ्यायचे त्याच्याकडून प्रत्येक वेळी अचाट काहीतरी घडावे लागते. आणि ते न घडले की त्याच शब्दाची धार उलटी फिरते. अर्ध्या चेष्टेने केलेले कौतुक हे न्याय नाकारण्याचे सभ्य साधन आहे. माणसाला नशीबवान ठरविले की त्याच्या मेहनतीचा हिशेब मांडावा लागत नाही.

हिशेब मांडायचा तर तो असा. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याअखेर शार्दुल तेरा कसोटी सामने खेळला होता आणि त्याच्या नावावर ३३ बळी होते. पहिल्या कसोटीपासून मोजले तर हे तेरा सामने जवळजवळ सात वर्षांत पसरलेले आहेत. त्या दौऱ्यात लीड्सच्या पहिल्या डावात कर्णधाराने त्याच्या हाती सहा षटके दिली. दुसऱ्या डावात त्याने डकेट आणि ब्रूक यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले, तरी इंग्लंडने ३७१ धावांचे लक्ष्य गाठलेच. पुढच्या सामन्यात तो बाहेर. मँचेस्टरला पुन्हा आत; तेथे ४१ धावा केल्या, अकरा षटके टाकली, बळी मिळाला नाही. ओव्हलला पुन्हा बाहेर. ज्याच्या गोलंदाजीवर कर्णधाराचा भरवसा नाही त्याला गोलंदाज म्हणून निवडायचे, आणि आठव्या क्रमांकावर थोड्या धावा होतील ह्या आशेने सारे चालवून घ्यायचे, ही विमा उतरविण्याची वृत्ती झाली. तिने संघाचेही भले होत नाही आणि खेळाडूचेही.

येथे आमचे मत आम्ही स्पष्टपणे नोंदवितो. शार्दुलला निवडायचे तर गोलंदाज म्हणूनच निवडावे, त्याला दिवसाकाठी पंधरा षटके द्यावी, आणि त्या कसोटीला तो उतरत नसेल तर दुसऱ्याला संधी द्यावी. शाळेत सर्व विषयांत पंचावन्न गुण मिळविणारा मुलगा आणि एका विषयात नव्वद मिळविणारा मुलगा यांची तुलना करताना परीक्षकाला आधी ठरवावे लागते की, आपल्याला हवे काय आहे. ते न ठरविता उत्तरपत्रिका तपासणारा परीक्षक एकदा एकावर अन्याय करतो आणि दुसऱ्यांदा दुसऱ्यावर. शार्दुलच्या बाबतीत निवड समित्यांनी हेच केले असे आम्हांस वाटते. ह्याचा अर्थ त्याची जागा राखीव आहे असा मात्र नव्हे. ज्या पालघरकरांना तो पक्का हवा आहे त्यांनी कुलदीपसारखा गोलंदाज बाकावर बसून राहिला, हेही मनात आणावे.

त्याच्या भविष्याविषयी बोलताना गेल्या काही हंगामांकडे पाहणे उचित होईल. २०२४ च्या मार्चमध्ये तामिळनाडूविरुद्धच्या रणजी उपांत्य सामन्यात मुंबई ७ बाद १०६ अशी अडचणीत असताना त्याने प्रथम श्रेणीतले आपले पहिले शतक ठोकले. अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध ६९ चेंडूंत ७५ धावा केल्या, आणि मुंबईने रणजी करंडक बेचाळिसाव्यांदा जिंकला. त्यानंतर पायावर शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याला कोणी विचारले नाही. अशा वेळी रुसून बसणारे पुष्कळ असतात. तो रणजी खेळत राहिला. जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध, मुंबईचे नामांकित फलंदाज हजर असताना, ५१ आणि ११९ धावा निघाल्या त्या ह्याच्या बॅटमधून. मेघालयाविरुद्ध त्याने तीन चेंडूंत तीन बळी घेतले. मग लखनौच्या संघाला जखमी गोलंदाजाऐवजी तो आठवला. २०२५-२६ च्या रणजी हंगामासाठी मुंबईचे कर्णधारपद त्याच्याकडे आले, आणि आयपीएलच्या २०२६ च्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सने त्याला घेतले.

ह्या क्रमात आम्हांला त्याच्या कारकिर्दीचा खरा अर्थ दिसतो. तिशी ओलांडलेल्या मध्यमगती गोलंदाजाला भारतीय संघाचे दार पुन्हा उघडेल की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. उघडले नाही तरी त्याचे काम संपत नाही. रणजी सामन्यांमध्ये अवघ्या तीन दिवसांची विश्रांती मिळाली तर वेगवान गोलंदाज दुखापतींनी मोडून पडतील, असे २०२४ मध्ये त्याने उघड सांगितले होते. मंडळाच्या मर्जीवर पोट असलेल्या खेळाडूने असे बोलणे सोपे नसते. तरुण गोलंदाजांच्या बाजूने बोलणारा वडीलधारा मुंबईच्या संघाला हवा होता आणि तो मिळाला आहे.

राहता राहिला प्रश्न पालघरचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून येथे आहे, बोईसरची औद्योगिक वसाहत येथे आहे, सातपाटीची मासळी आणि घोलवडचे चिकू दूरवर जातात. २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली. २०१८ साली दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या शार्दुलने अंधेरीला ह्याच मार्गावरची गाडी पकडून घर गाठले, तेव्हा डब्यातल्या प्रवाशांना डोळ्यांवर विश्वास ठेवणे जड गेले. त्या साधेपणाचे कौतुक सर्वांनी केले. पण त्याच गाडीने उलट दिशेला, पाठीवर क्रिकेटचे साहित्य घेऊन, पहाटेच्या काळोखात निघणारी मुले आजही आहेत. प्रत्येकाला दिनेश लाड भेटत नाहीत आणि प्रत्येकाला बोरिवलीत घर मिळत नाही. जव्हार-मोखाड्याच्या मुलाला तर पालघरच दूर आहे.

तेव्हा शार्दुल संघात असावा की नसावा, हा वाद पालघरकरांनी खुशाल चालू ठेवावा; त्याने गाडीचा प्रवास सुसह्य होतो. परंतु नगरपरिषदेपुढे, जिल्हा परिषदेपुढे आणि कारखानदारांपुढे मांडण्याचा प्रश्न निराळा आहे. बोईसर आणि पालघर येथे रोज सरावास मिळणारी चांगली खेळपट्टी, पगारी प्रशिक्षक, आणि तालुक्याच्या गावांतून येणाऱ्या मुलामुलींसाठी राहण्याची सोय, एवढ्या तीन गोष्टींची मागणी करण्यास कोणतेही आंदोलन लागत नाही. गाडीत जो वेळ ‘लॉर्ड’च्या षटकांवर जातो त्यातला थोडा ह्या मागणीवर खर्चावा. पुढचा शार्दुल घर न सोडता घडला, तर ह्या पहिल्या शार्दुलचे ऋण काही अंशी फिटेल.