डोहातली शिरगणती
देवळातले दगडी कासव मोजावे लागत नाही. नदीतले मोजायला जावे तर ते दिसत नाही. सिन्नर पर्जन्यछायेतला तालुका. गोदावरी खोऱ्यात सापडणारे मऊ पाठीचे कासव पाणी आटले की चिखलात दडून पावसाची वाट पाहते. म्हणून कोरड्या देवनदीकाठी उन्हाळ्यात केलेल्या पाहणीतला ‘शून्य’ मी तरी मानत नाही. मोजणी पावसाळ्यानंतरच करावी: पकडा, खूण करा, सोडा, पुन्हा पकडा. समजा, आधी ४० कासवांना खूण केली आणि दुसऱ्या खेपेच्या ३० मध्ये खुणेची १० निघाली, तर डोहात अंदाजे १२०. मधल्या दिवसांत कासवांची ये-जा झाली की हिशेब फसतो. हे सारे वनखात्याच्या परवानगीनेच. १९७२ च्या कायद्याचे या कासवाला संरक्षण आहे. पण आजचा आकडाच नसेल, तर उद्याची घट कशाशी ताडून पाहणार?