अंतराळ-निवासाची रंगीत तालीम

नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वी त्याची रंगीत तालीम होते. ज्या चुका व्हावयाच्या त्या तेथेच उघड व्हाव्यात, हा तिचा हेतू असतो. मंगळासारख्या दूरच्या ग्रहावर मनुष्य पाठविण्यापूर्वी शास्त्रज्ञही अशीच तालीम करतात. पृथ्वीवरच एक बंदिस्त घर उभारावयाचे, त्यात काही माणसांनी ठरावीक काळ राहावयाचे, मोजके अन्न व पाणी वापरावयाचे आणि नेमून दिलेले प्रयोग करावयाचे, असे तिचे स्वरूप असते. अशा घरास प्रतिरूप अंतराळ-निवास म्हणतात.

भारतातील प्रयत्न

आपल्या देशात या कार्यासाठी लडाखची निवड झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेह येथे भारताची पहिली अशी मोहीम सुरू झाली. तीत इस्रोबरोबर आका स्पेस स्टुडिओ व लडाख विद्यापीठ यांचा, तसेच ठाण्याहून जवळच असलेल्या पवईच्या आय. आय. टी. मुंबई या संस्थेचाही सहभाग होता. पुढे २०२५ मध्ये त्सो कर खोऱ्यात, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, बंगळूरच्या प्रोटोप्लॅनेट कंपनीने इस्रोच्या साहाय्याने ‘होप’ हा निवास उभारला. राहण्याचा भाग ८ मीटर व्यासाचा आणि यंत्रसामग्रीचा ५ मीटर व्यासाचा. दोन व्यक्तींसाठी १० दिवसांचा कार्यक्रम आखण्यात आला होता. विरळ हवा, कडाक्याची थंडी, प्रखर अतिनील किरणे व खारट गोठलेली जमीन यांमुळे हा प्रदेश मंगळाशी काही अंशी साम्य राखतो. अर्थात तेथे वजनरहित अवस्था निर्माण करता येत नाही. ही या पद्धतीची मर्यादा होय.

हवेचा हिशेब

या तालमींतून केवढे मोठे ज्ञान मिळते, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात घडले. तेथे ‘बायोस्फिअर-२’ नावाची, सुमारे तीन एकर विस्ताराची काचेची बंदिस्त वास्तू बांधण्यात आली. तीत शेती, लहानसे अरण्य व पाण्याचे साठे होते. सप्टेंबर १९९१ ते सप्टेंबर १९९३ या काळात आठ माणसे तीत राहिली. वनस्पती पुरेसा प्राणवायू देतील, अशी अपेक्षा होती. परंतु हवेतील त्याचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांपर्यंत उतरले. माणसे थकू लागली, आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

याचे कारण मातीत होते. भरपूर सेंद्रिय द्रव्य असलेल्या त्या मातीतील सूक्ष्म जंतूंनी प्राणवायू वापरून कार्बन डायऑक्साइड सोडला; त्यातील बराच भाग काँक्रीटने शोषून घेतला, आणि त्यामुळे वनस्पतींना तो प्राणवायूच्या रूपाने परत करता आला नाही. पृथ्वीवर हा हिशेब आपोआप जुळत असल्याने तो आपल्या ध्यानीही येत नाही.

मनाची कसोटी

कल्याण-डोंबिवलीत एका-दोन खोल्यांत राहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. जागा अपुरी असली, तरी दार उघडून बाहेर पडता येते. प्रतिरूप निवासात ती सोय नसते. मॉस्को येथे जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात सहा पुरुष ५२० दिवस बंदिस्त राहिले. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या झोपेत वा सावधपणात बिघाड आढळला. अमेरिकेत ह्यूस्टन येथे चौघेजण जून २०२३ ते जुलै २०२४ असे ३७८ दिवस राहिले. त्यांचे संदेशही मंगळावरून आल्याप्रमाणे मुद्दाम विलंबाने पोहोचविले जात.

शाळेत करावयाचे उपक्रम

१. अंगणात खुंटी रोवून तिला ४ मीटर लांबीची दोरी बांधावी व वर्तुळ आखावे. एवढी जागा म्हणजे ‘होप’चा राहण्याचा भाग. निजणे, स्वयंपाक, स्नान व प्रयोग यांसाठी तिची वाटणी मुलांनी आपसांत चर्चा करून ठरवावी.

२. काचेच्या बरणीत ओली माती घालून लहान रोप लावावे, झाकण घट्ट बसवावे व बरणी उजेडात ठेवावी. आतील बाजूस जमणारे थेंब व ते पुन्हा मातीत उतरणे यांची नोंद मुलांनी ठेवावी.

३. मंगळ अतिशय दूर असतो तेव्हा ते अंतर सुमारे ४० कोटी किलोमीटर असते. संदेश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. वरच्या वर्गातील मुलांनी वेळ काढावा. एका बाजूस सुमारे २२ मिनिटे लागतात. म्हणजे तासिकेच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तासिका संपल्यावर मिळेल.

४. प्रत्येकाने घरी एका दिवसात किती पाणी लागते, ते मोजून लिहावे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात घाम व मूत्र यांसह सुमारे ९८ टक्के पाणी पुन्हा वापरात आणता येते, ही माहिती त्या वेळी द्यावी. ज्या शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा धरणांचे पाणी मुंबईस जाते, त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. तेथील मुलांना हंड्याचे मोल शिकवावे लागत नाही. त्यांनी केलेला हिशेब वर्गापुढे आवर्जून वाचून घ्यावा.

मुलांना खोलीत अथवा पेटीत कोंडण्याचा प्रयोग कोणत्याही कारणाने करू नये. बंद हवेचा धडा बरणीवरून पुरेसा समजतो. बरणीतील रोप कोमेजले, तरी ती नोंद खोडून न टाकता त्याचे कारण मुलांकडून शोधून घ्यावे.