बाळाची पाण्याशी मैत्री

उन्हाळा लागला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : मुलाला पोहायला कधी शिकवायचं?

सुरुवात आंघोळीतच होते. कोमट पाणी आधी पायांवर, मग पोटावर, मग खांद्यांवर घाला. ‘पाणी येतंय हं’ असं दरवेळी आधी सांगा, म्हणजे बाळ दचकत नाही. नीट बसता येऊ लागलं की टबात थोडं पाणी आणि एक वाटी द्या. पुढे फुंकर मारून बुडबुडे काढायला शिकवा. पाण्यात श्वास सोडण्याचा हा पहिला धडा. मूल रडलं तर थांबा. बळेच बुचकळलं की भीती बसते.

‘तान्ह्या बाळाला उपजतच पोहता येतं’ असं काही जणी म्हणतात. पाण्यात गेलेलं बाळ क्षणभर श्वास रोखतं, हातपाय मारतं, हे खरं. पण ते पोहणं नव्हे. ती जन्मजात प्रतिक्रिया सहा महिन्यांच्या सुमारास ओसरू लागते. म्हणून बाळाला पाण्याखाली नेऊ नका.

अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते, वर्षानंतर पोहण्याचे धडे सुरू करता येतात. जागतिक आरोग्य संघटना मात्र 6 वर्षांपुढच्या मुलांना पोहायला शिकवा, त्याहून लहानांसाठी कुंपण आणि राखण ठेवा, असं सांगते. मुलाची भीती गेली म्हणजे धोका गेला, असं नाही. उलट न घाबरणारं मूल पाण्याकडे आपणहून धावतं.

बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. लहान मुलाचं डोकं जड असतं. बादलीत वाकलं की तोल जातो आणि वीतभर पाण्यातही ते बुडू शकतं. म्हणून काम झालं की बादली, टब उपडे घाला. हौदाला झाकण, शेततळ्याला कुंपण हवंच. शेततळ्यातला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. मूल पाण्यात असताना एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, मोबाईल बाजूला ठेवून. पाठीला भोपळा किंवा डबा बांधला तरी हात लांब नको.

अपघात झालाच, तर मुलाला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. 108ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची असते. हे ऐकून येत नाही, करून पाहावं लागतं. पुढच्या बैठकीला आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलवा आणि सगळ्याजणी शिकून घ्या.