मुदत आली की गाडी येते

16 डिसेंबर 2025 रोजी युरोपीय आयोगाने पाय मागे घेतला. 2035 पासून नव्या मोटारींचं कार्बन उत्सर्जन शंभर टक्के कमी झालेलं असेल, असं 2023 मध्ये कायद्यात लिहिलं होतं. आता ते नव्वद टक्के करावं, असा आयोगाचा प्रस्ताव आहे. त्याच दिवशी छोट्या, परवडणाऱ्या विजेच्या गाड्यांना खास उत्तेजन देण्याची घोषणा झाली. मला ती जास्त झोंबली. अशा गाड्या युरोपात होत्या, आणि त्या बघता बघता बंद केल्या गेल्या.

उत्सर्जनाच्या नियमांच्या सुरुवातीच्या वर्षांत सांगण्यासारखं थोडंच आहे. 1998 मध्ये कंपन्यांनी आपणहून शब्द दिला, की 2008 पर्यंत सरासरी उत्सर्जन दर किलोमीटरला 140 ग्रॅमवर आणू. तो पाळला गेला नाही, म्हणून 2009 मध्ये कायदा आला. त्यात एक खोट राहिली. जड गाड्या बनवणाऱ्या जर्मनीच्या आग्रहामुळे मर्यादा वजनाला बांधली गेली. गाडी जड असेल तर मुभा जास्त, हलकी असेल तर कमी. वजन घटवणाऱ्याच्या पदरात त्या मेहनतीचं पुरतं फळ पडेना.

खरं नाट्य सप्टेंबर 2015 नंतरचं. फोक्सवॅगनने जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं, हे उघड झालं. डिझेलच्या भरवशावर 95 ग्रॅमचं लक्ष्य गाठायचे बेत कोलमडले. ते लक्ष्य 2020-21 चं होतं, आणि ओलांडलेल्या प्रत्येक ग्रॅमला गाडीमागे 95 युरो दंड होता. मग चमत्कार वाटावा असं घडलं. युरोपीय संघात नव्या गाड्यांमध्ये निव्वळ बॅटरीवरच्या गाड्यांचा वाटा 2019 मध्ये 1.9 टक्के होता, तो 2020 मध्ये, ऐन करोनात, 5.4 टक्के झाला. फोक्सवॅगनच्या चिमुकल्या ई-अपला मोठी बॅटरी मिळाली आणि ऑर्डर इतक्या आल्या, की त्या घेणंच काही काळ थांबवावं लागलं. छोट्या विजेच्या गाडीला गिऱ्हाईक नाही, असं आजही ऐकवणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी.

पुढची कडक पायरी थेट 2025 ची होती. मधल्या वर्षांत धाक उरला नाही. चिपचा तुटवडा आला, तेव्हा हाती होत्या त्या चिप कंपन्यांनी नफ्याच्या मोठ्या गाड्यांत घातल्या. 2023 मध्ये ई-अप गेली, 2024 मध्ये रेनोची विजेवरची छोटी झोई. फोर्डने कोलोनमध्ये छोट्या फिएस्टाचं उत्पादन 2023 मध्ये थांबवलं आणि त्याच कारखान्यात विजेवरची एक्सप्लोरर ही एसयूव्ही आणली. शिक्षिका, परिचारिका, नुकती नोकरी लागलेली पोरं यांची गाडी गेली आणि तिच्या जागी त्यांना न झेपणारी आली, याचं मला आजही वाईट वाटतं. वर 17 डिसेंबर 2023 ला जर्मनीने विजेच्या गाड्यांचं अनुदान एका फटक्यात बंद केलं. 2024 मध्ये संघातला वाटा 14.6 वरून 13.6 टक्क्यांवर घसरला.

आणि 2025 ची मुदत जवळ येताच गाड्या पुन्हा दिसू लागल्या! 23,300 युरोपासूनची सिट्रोएन ई-सी3 आणि पाठोपाठ रेनो 5. 25 हजार युरोच्या आसपासची आयडी पोलो 2026 साठी जाहीर झाली; 2022 पर्यंत चाकणला पोलो बनत होती, तिचाच हा विजेवरचा वारस. नियमांनी छोटी गाडी मारली, अशी तक्रार मे 2025 मध्ये स्टेलांटिसचे अध्यक्ष जॉन एल्कान आणि रेनोचे तेव्हाचे प्रमुख लुका दे मेओ यांनी एकत्र केली. 2024 पासून सक्तीच्या झालेल्या सुरक्षा-यंत्रणांचा बोजा स्वस्त गाडीवर जास्त पडतो, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण झोई काही ब्रसेल्सने बंद केली नव्हती. त्याच महिन्यात 2025 चं लक्ष्य तीन वर्षांच्या सरासरीवर ढकललं गेलं.

आताच्या प्रस्तावात युरोपात बनलेली छोटी विजेची गाडी हिशेबात 1.3 धरली जाईल. म्हणजे दहा गाड्यांच्या तेरा मोजायच्या आणि न बनलेल्या तीन गाड्यांच्या आधारे पेट्रोलच्या गाड्यांना सूट द्यायची. शिवाय छोटी म्हणजे 4.2 मीटरपर्यंतची. ई-अप 3.6 मीटरची होती. त्यामुळे तिच्याएवढी गाडी बनवणाऱ्याला जे श्रेय मिळेल, तेच 4.2 मीटरच्या एसयूव्हीलाही मिळेल. संसद आणि सदस्य देशांनी हा 4.2 चा आकडा तरी खाली आणावा.