पावसात शेत पाहावे

कास्तकाराने आपले शेत दर पावसाळ्यात निदान एकदा, पाऊस पडत असता, पायी फिरून पाहावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु तिच्याकडे दुर्लक्ष केल्याने महसूल खात्यात हयात घालविलेल्या मजसारख्या मनुष्यासही शेजाऱ्यापुढे ओशाळे व्हावे लागले. तो वृत्तांत शेतकरी बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

माझे गाव सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड. लहानपणी गुरांमागे बरडावर जावे, बोरी झोडाव्यात, ओढ्याच्या काठी पाखरे पाहत बसावे, हा माझा छंद. पुढे कारकुनी पत्करली तरी तो सुटला नाही. सुटीच्या दिवशी दोन-चार कोस रानात हिंडून आल्यावाचून मनास चैन पडत नसे. कचेरीत धुऱ्याच्या तंट्यांचे अर्ज मी शेकड्यांनी पाहिले. हातभर जमिनीसाठी भाऊ भावाचे तोंड पाहीनासा होई. परंतु दर पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या मातीबद्दल कोणी अर्ज केल्याचे मला स्मरत नाही.

सेवानिवृत्तीनंतर मी स्वतःच्या चार एकरांत लक्ष घातले. वरच्या कोपऱ्यात काही गुंठे खडकाळ जागा होती. तीवर बोरी, बाभळी व पवन्या गवत माजलेले. दप्तरी ती 'पोटखराब', सबब निरुपयोगी, असे मी ठरविले. यंत्र लावून ती साफ केली, मधला धुरा मोडला, आणि ट्रॅक्टरला वळणे सोयीचे म्हणून उताराच्या दिशेने नांगरट केली. ज्या रानात जन्मभर हिंडलो त्याची शिकवण मी स्वतःच्या शेतात विसरलो. पहिल्याच मोठ्या पावसात शेतास गुडघाभर घळ पडली. दुसरे दिवशी शेजारचा तरुण कास्तकार आला व शांतपणे म्हणाला, "काका, तुमचं वावर माह्या वावरात आलं." त्याचे कोवळे सोयाबीन माझ्या मातीखाली गाडले गेले होते.

त्याच्या बियाण्याची भरपाई मी केली. पुढच्या पावसात आम्ही दोघे गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन शेतात फिरलो. पाणी कोठून येते, कोठे वेग धरते, कोठे गढूळ होते, हे तेव्हा डोळ्यांनी दिसले. वरचे गवत होते तोवर पाणी तेथे थबकत व मुरत असे. आता ते धावत ओढ्यास व तेथून खडकपूर्णेस जात होते. बोटभर जाडीची माती निर्माण होण्यास शेकडो वर्षे लागतात. ती जाण्यास एक पाऊस पुरतो. कागदावर जी जागा खराब, तीच शेताची राखण करीत होती.

आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने हेच तत्त्व साऱ्या शिवारास लावले. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या मार्गदर्शनाखाली १९९६ पासून तेथे कामे झाली. आधी माथा, मग पायथा, हा क्रम: वर समतल चर व झाडोरा, मध्ये बांधबंदिस्ती, खाली नाल्यावरील बंधारे. श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी या त्या कार्यक्रमाच्या अटीच होत्या. पुढे २०१२ सालच्या भीषण अवर्षणातही त्या गावाने द्राक्षबागा राखल्या. तेथे शेततळीही पुष्कळ आहेत. मात्र शेततळ्याचे अनुकरण करणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे: विहिरीचे पाणी उपसून तळे भरणे म्हणजे पाऊस साठविणे नव्हे.

परदेशातील एक उदाहरणही मननीय आहे. अमेरिकेतील आल्डो लिओपोल्ड हा रानात हिंडण्याचा व शिकारीचा शौकीन, वनखात्यातील अधिकारी व पुढे प्राध्यापक. त्याने १९३५ साली विस्कॉन्सिन नदीकाठी एक निकस झालेली शेतजमीन घेतली आणि कुटुंबासह तीवर हजारो झाडे लावली. आरंभीची बरीच रोपे अवर्षणाने जळाली. त्याने पुन्हा लावली. कोणते फूल कधी फुलले, कोणता पक्षी कधी आला, याची तो नियमाने टिपणे ठेवी. १९४८ साली शेजाऱ्याच्या रानात लागलेला वणवा विझविताना त्याचे देहावसान झाले. जमीन ही केवळ मालमत्ता नसून, आपण जिचे घटक आहो असा तो एक समाज आहे, अशी त्याची धारणा होती.

आता उपाय. सारख्या लांबीचे दोन बांबू वरच्या टोकास बांधून पाय फाकवावे, मध्ये आडवी काठी बांधावी व शेंड्यावरून दोरीने दगड लोंबता सोडावा. दोन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोकून दोरी आडव्या काठीस लागते तेथे खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन खुणांचा मध्य हा समपातळीचा बिंदू. दोरी त्या बिंदूवर राहील अशा रीतीने चौकट पुढे पुढे नेत खुंट्या ठोकल्या की समतल रेषा मिळते. तिला धरून पेरणी करावी, बांधावर पवन्या किंवा मारवेल गवत लावावे, आणि जादा पाण्यास गवताळ सांडवा अवश्य ठेवावा. नाही तर काळ्या जमिनीत पाणी तुंबून पीक पिवळे पडते व बांधही फुटतो.

मी धुरा पुन्हा घातला आहे. वरचा कोपरा मोकळा सोडून तीन पावसाळे झाले. गवत परतले, बोरी फुटल्या. घळ अद्याप पुरती बुजलेली नाही, परंतु शेजाऱ्याच्या वावरात उतरणारे पाणी आता पुष्कळ निवळ असते. ते पाहावयास आम्ही दोघेही पहिल्या पावसात धुऱ्यावर जातो. कृषिबंधूंनी येत्या मृगात आपापल्या शेजाऱ्यास बरोबर घेऊन असेच करावे, अशी विनंती आहे.