आभासी यंत्रात दुसरी संचालन प्रणाली चालवणे

संगणकावर आधीपासून चालू असलेल्या संचालन प्रणालीच्या, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत एखाद्या साध्या प्रोग्रॅमप्रमाणे दुसरी संपूर्ण संचालन प्रणाली चालवता येते. यासाठी सॉफ्टवेअरच्या साहाय्याने जो काल्पनिक संगणक उभा केला जातो, त्याला आभासी यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन म्हणतात. या पद्धतीमुळे विंडोज ११ असलेल्या संगणकावर खिडकीच्या चौकटीत लिनक्स चालवता येते, तसेच लिनक्स असलेल्या संगणकावर विंडोज ९८ किंवा विंडोज एक्सपीसारखी जुनी प्रणालीही चालवता येते. मूळ संगणकाच्या हार्ड डिस्कची नव्याने विभागणी करावी लागत नाही आणि प्रणाली बदलण्यासाठी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागत नाही.

प्रत्यक्ष संगणकावरील प्रणालीला यजमान प्रणाली, तर आभासी यंत्रातील प्रणालीला अतिथी प्रणाली असे म्हणतात. महाराष्ट्रात, विशेषतः भारतीय भाषांच्या संगणनाचे केंद्र राहिलेल्या पुण्यात, या तंत्राला एक वेगळा संदर्भ आहे. युनिकोडपूर्व काळात जुळवलेला मराठी मजकूर ज्या प्रोग्रॅममध्ये तयार झाला, त्यांतील अनेक प्रोग्रॅम आजच्या संगणकांवर चालत नाहीत. असा मजकूर मूळ स्वरूपात उघडून पाहण्याचा आभासी यंत्र हा एक व्यवहार्य मार्ग आहे.

इतिहास

आभासी यंत्राची कल्पना वैयक्तिक संगणकापेक्षा जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६७ मध्ये सीपी-४० ही प्रणाली वापरात आली. एकाच मोठ्या संगणकावर काम करणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्याला आपल्यापुरता स्वतंत्र संगणक मिळाल्याचा आभास ती निर्माण करत असे. याच परंपरेतील व्हीएम/३७० ही प्रणाली आयबीएमने १९७२ मध्ये जाहीर केली. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासी यंत्रासाठी तीन कसोट्या मांडल्या: अतिथी प्रोग्रॅमचे वर्तन प्रत्यक्ष यंत्रावरील वर्तनासारखेच असावे, संगणकाच्या सर्व साधनांवर नियंत्रक सॉफ्टवेअरचा ताबा राहावा आणि बहुतेक आज्ञा मध्यस्थीविना थेट प्रोसेसरवर चालाव्यात.

वैयक्तिक संगणकांत वापरले जाणारे इंटेलच्या एक्स८६ घराण्यातील प्रोसेसर दीर्घकाळ या कसोट्यांना उतरत नव्हते, कारण त्यांतील काही आज्ञा नियंत्रकाला कळू न देता वेगळा परिणाम देत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा चालण्यापूर्वीच बदलून घेण्याचे तंत्र वापरले आणि १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन बाजारात आणले. पुढे इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही या सुविधा प्रोसेसरमध्येच अंतर्भूत केल्या. त्यानंतर हे तंत्र सामान्य संगणकांवरही सुलभ झाले. २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी केव्हीएम हा घटक लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला.

कार्यपद्धती

आभासी यंत्र उभे करणाऱ्या नियंत्रक सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. त्याचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारातील हायपरव्हायजर थेट यंत्रसामग्रीवर चालतो आणि तो प्रामुख्याने सर्व्हरवर वापरला जातो. दुसऱ्या प्रकारातील हायपरव्हायजर यजमान प्रणालीत इतर प्रोग्रॅमप्रमाणे स्थापित होतो. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन ही या दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे होत.

अतिथी प्रणालीला दिसणारी हार्ड डिस्क ही यजमान संगणकावरील एक मोठी फाइल असते. तिला दिसणारे नेटवर्क कार्ड, ध्वनी कार्ड आणि पडदा ही सॉफ्टवेअरने केलेली नक्कल असते. रॅम आणि प्रोसेसर मात्र खरे असतात. त्यांचा ठरावीक हिस्सा अतिथीला दिला जातो. त्यामुळे ८ जीबी रॅम असलेल्या संगणकावर अतिथीला ४ जीबी दिल्यास ती चालू असेपर्यंत यजमानाच्या वाट्याला जेमतेम निम्मी रॅम उरते.

संपूर्ण प्रणाली फाइलमध्ये सामावलेली असल्याने तिची प्रत काढता येते, ती दुसऱ्या संगणकावर नेता येते आणि तिची एखाद्या क्षणाची स्थिती नोंदवून ठेवता येते. अशा नोंदीला स्नॅपशॉट म्हणतात. प्रयोग फसल्यास स्नॅपशॉटवर परत जाता येते. म्हणूनच संगणकशास्त्राचे विद्यार्थी संचालन प्रणालीचा अभ्यास करताना आभासी यंत्राला प्राधान्य देतात. त्यात चुकीने डिस्क पुसली गेली, तरी यजमान संगणकावरील कागदपत्रे सुरक्षित राहतात.

आभासी यंत्र आणि अनुकरण, म्हणजे इम्युलेशन, यांत फरक आहे. आभासी यंत्रात अतिथीच्या बहुतेक आज्ञा प्रोसेसर थेट पार पाडतो, तर अनुकरणात प्रत्येक आज्ञेचे दुसऱ्या प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करावे लागते. ॲपलने २०२० पासून आणलेले एम-मालिकेचे प्रोसेसर एआरएम रचनेचे आहेत. त्यामुळे अशा मॅकवर विंडोज ९८ चालवण्यासाठी क्यूईएमयूसारख्या अनुकरण करणाऱ्या सॉफ्टवेअरची गरज पडते आणि वेग कमी मिळतो.

स्थापनेचे टप्पे

अतिथी प्रणाली स्थापित करण्याची प्रक्रिया सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असते.

१. संगणकाच्या बायोस किंवा यूईएफआय मांडणीत जाऊन प्रोसेसरची आभासीकरणाची सुविधा चालू असल्याची खात्री केली जाते. अनेक संगणकांत ती सुरुवातीला बंद असते.

२. यजमान प्रणालीवर हायपरव्हायजर स्थापित केला जातो.

३. नवे आभासी यंत्र तयार करून त्याची रॅम, प्रोसेसरचे गाभे आणि डिस्कचा आकार ठरवला जातो. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते. याउलट विंडोज एक्सपी १२८ एमबी रॅमवरही चालते. विंडोज ९८ ला ५१२ एमबीपेक्षा अधिक रॅम दिल्यास ती सुरू होताना अडचणी येऊ शकतात.

४. प्रणालीच्या स्थापनेची आयएसओ फाइल आभासी सीडी म्हणून जोडून स्थापना पूर्ण केली जाते.

५. हायपरव्हायजरसोबत येणारी पूरक साधने अतिथीत बसवली जातात. त्यांच्यामुळे पडद्याचा आकार जुळतो, मजकूर एका प्रणालीतून दुसरीत चिकटवता येतो आणि सामायिक फोल्डर मिळते.

६. सर्व काही सुरळीत चालू झाल्यावर पहिला स्नॅपशॉट घेतला जातो.

जुना संगणक अजून चालू असल्यास नव्याने स्थापना करण्याऐवजी त्याच्या हार्ड डिस्कची संपूर्ण प्रतिमा घेऊन तीच आभासी यंत्राला जोडता येते. यामुळे जुने प्रोग्रॅम, फाँट आणि मांडण्या जशाच्या तशा मिळतात. मात्र यंत्रसामग्री बदलल्याचे लक्षात आल्यास विंडोज एक्सपी पुन्हा सक्रिय करण्याची मागणी करते. तसेच आभासी डिस्कचा नियंत्रक मूळ संगणकाशी जुळत नसल्यास ती सुरूच होत नाही. अशा वेळी एसएटीएऐवजी आयडीई नियंत्रक निवडणे उपयोगी ठरते.

पुणे आणि युनिकोडपूर्व मराठी मजकूर

प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, या संस्थेची स्थापना पुण्यात १९८८ मध्ये झाली. परम ८००० या महासंगणकासाठी ती प्रसिद्ध असली, तरी भारतीय लिप्यांच्या संगणनातही तिचे काम मोठे आहे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान सी-डॅकमध्ये पुढे विकसित झाले. संगणकाच्या आत बसवण्याचे जिस्ट कार्ड डॉसवरील प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्या दाखवत असे. नंतर विंडोजसाठी आयएसएम आणि लीप ऑफिस ही सॉफ्टवेअर आली. पुण्यातीलच मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीचे श्रीलिपी हे सॉफ्टवेअर मराठी अक्षरजुळणीत मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. पेजमेकरमध्ये पाने लावायची आणि मजकुरासाठी अशा सॉफ्टवेअरचे फाँट वापरायचे, ही मराठी मुद्रणव्यवसायातील रूढ पद्धत होती.

या काळातील अनेक फाँट युनिकोडवर आधारित नव्हते. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचे आकार बसवलेले असत. योग्य फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली, तर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची अर्थहीन सरमिसळ दिसते. शिवाय हे क्रमांक प्रत्येक कंपनीचे वेगळे असत.

फरक केवळ क्रमांकांचा नसून क्रमाचाही आहे. फाँटवर आधारित पद्धतीत अक्षरे कागदावर दिसतात त्या क्रमाने साठवली जातात. ‘किती’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवला जातो. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर येते. ‘सूर्य’ या शब्दातील रफार जुन्या पद्धतीत ‘य’नंतर असतो, तर युनिकोडमध्ये ‘र’ ‘य’च्या आधी येतो. परिणामी जुन्या फाइलमध्ये शब्द शोधणे किंवा अकारविल्हे लावणे शक्य होत नाही. १९९१ च्या भारतीय मानकानुसार, म्हणजे इस्की पद्धतीने, साठवलेला मजकूर मात्र उच्चारक्रमाने असल्याने त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर तुलनेने सोपे असते.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये ही पाने तयार झाली, त्यांचा आधार कालांतराने संपला. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत आणि विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपातच उपलब्ध आहे. पेजमेकरची अखेरची ७.० ही आवृत्ती २००१ मधील आहे. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइल उघडत असत, मात्र नंतरच्या आवृत्त्यांतून ही सोय काढून टाकण्यात आली. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. त्यामुळे एखाद्या प्रकाशकाकडे पुस्तकाची फाइल सुरक्षित असूनही ती वाचता न येण्याची स्थिती उद्भवते आणि नव्या आवृत्तीसाठी संपूर्ण पुस्तक पुन्हा टंकलिखित करावे लागते.

अशा वेळी विंडोज ९८ किंवा एक्सपी असलेले आभासी यंत्र उभारून त्यात मूळ सॉफ्टवेअर व फाँट बसवले जातात आणि फाइल तिच्या मूळ रूपात उघडली जाते. त्यानंतर दोन गोष्टी बाहेर काढल्या जातात: पानांची पीडीएफ प्रत आणि साधा मजकूर. मजकूर रूपांतरक सॉफ्टवेअरने युनिकोडमध्ये बदलला जातो आणि पीडीएफशी ताडून त्याचे मुद्रितशोधन केले जाते. जोडाक्षरे, रफार आणि दुर्मीळ चिन्हे यांत रूपांतराच्या चुका अधिक आढळत असल्याने हा टप्पा टाळता येत नाही.

मर्यादा

आभासी यंत्र जुने सॉफ्टवेअर चालवते; जुनी यंत्रसामग्री परत आणत नाही. जिस्ट कार्डावर अवलंबून असलेला डॉस प्रोग्रॅम आभासी यंत्रात सुरू झाला, तरी कार्डाची नक्कल हायपरव्हायजरमध्ये नसल्याने त्यात देवनागरी दिसत नाही. प्रिंटरच्या पोर्टला लावण्याच्या हार्डवेअर लॉकची अडचणही अशीच आहे. आजच्या बहुतेक संगणकांना ते पोर्टच नसते. यूएसबी प्रकारचे लॉक मात्र अनेकदा अतिथी प्रणालीकडे वळवता येतात.

व्हर्च्युअलबॉक्सची पूरक साधने विंडोज ९८ साठी उपलब्ध नाहीत. त्यामुळे त्यात सामायिक फोल्डर मिळत नाही आणि फाइल आत नेण्यासाठी त्यांची आयएसओ प्रतिमा बनवून ती आभासी सीडी म्हणून जोडावी लागते. तसेच त्रिमितीय खेळ आणि चित्रफितींचे संपादन यांसाठी आभासी यंत्राचा वेग बहुधा अपुरा पडतो.

सुरक्षितता आणि परवाने

आधार संपलेल्या प्रणालीला सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळत नाहीत. त्यामुळे जुन्या अतिथी प्रणालीचे नेटवर्क बंद ठेवणे इष्ट असते. अतिथी आणि यजमान यांच्यामधील भिंतही अभेद्य नाही. २०१५ मध्ये व्हेनम या नावाने उघडकीस आलेला दोष क्यूईएमयूमधील फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणाऱ्या भागात होता. त्यातून अतिथी प्रणालीतील व्यक्तीला यजमानापर्यंत पोहोचणे शक्य होते. हा दोष त्या सॉफ्टवेअरमध्ये २००४ पासून होता.

आभासी यंत्रातील विंडोजलाही स्वतंत्र परवाना लागतो. संगणकासोबत मिळालेला परवाना बहुधा त्याच यंत्रापुरता मर्यादित असतो. मॅकओएसचा परवाना ती केवळ ॲपलच्या संगणकांवर चालवण्याची मुभा देतो. लिनक्सच्या बहुतेक वितरणांना, तसेच सी-डॅकने विकसित केलेल्या डेबियनवर आधारित बॉस या वितरणाला, असा अडसर नाही.

जतनाच्या दृष्टीने महत्त्व

आभासी यंत्रामुळे सॉफ्टवेअरचे आयुष्य यंत्रसामग्रीच्या आयुष्यापासून वेगळे होते. जुना संगणक बंद पडला, तरी त्यातील प्रणाली फाइलच्या रूपाने टिकते. परंतु आभासी यंत्राची फाइल उघडण्यासाठीही एक चालू हायपरव्हायजर लागतो आणि तो कालांतराने बदलतो. आभासी यंत्रात बंदिस्त राहिलेला मजकूर शोधयंत्रांना सापडत नाही आणि नव्या प्रोग्रॅममध्ये वापरता येत नाही. म्हणून युनिकोडपूर्व मराठी मजकुराच्या बाबतीत आभासी यंत्र हे कायमचे साठवणस्थान ठरत नाही. मूळ सॉफ्टवेअरची माध्यमे, फाँट आणि परवाने हाती असेपर्यंत मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे ते एक साधन आहे.