मार्दवकारी द्रव्ये, त्वचेची

त्वचेचा कोरडेपणा कमी करून ती मऊ, लवचिक व अभंग राखण्यासाठी बाहेरून लावण्यात येणाऱ्या स्निग्ध द्रव्यांना मार्दवकारी द्रव्ये म्हणतात. ‘एमॉलियंट’ ही त्यांची वैद्यकातील रूढ संज्ञा होय. वनस्पतिज तेले, प्राणिज मेद, मेणे, खनिज तेलापासून मिळणारे पेट्रोलॅटम (व्हॅसलीन) आणि यांपासून तयार केलेली मलमे, क्रीमे व लोशने यांचा त्यांत समावेश होतो.

कार्य : त्वचेचा सर्वांत बाहेरचा शृंगी स्तर शरीराच्या बहुतेक भागांवर सु. ०·०१ ते ०·०२ मिमी. जाडीचा असतो, तळहात व तळपाय यांवर तो पुष्कळच जाड असतो [→ त्वचा]. या स्तरातील चपट्या, मृत कोशिका विटांप्रमाणे रचलेल्या असून त्यांमधील जागा सेरामाइडे, कोलेस्टेरॉल व वसाम्ले यांनी चुन्याप्रमाणे भरलेली असते. या रचनेमुळे शरीरातील पाणी आत राहते आणि जंतू व क्षोभक पदार्थ बाहेर राहतात. स्तरातील पाण्याचे प्रमाण सु. १० टक्क्यांखाली गेले की, तो ताठर होऊन उलतो.

तेलामुळे त्वचा मऊ होते, ही समजूत सर्वत्र आढळते. तथापि अमेरिकन संशोधक अर्व्हिन ब्लँक यांनी १९५२ मध्ये असे दाखविले की, वाळलेला शृंगी स्तर नुसत्या तेलात ठेवला तरी ताठरच राहतो. पाणी शोषले म्हणजे मात्र तो मऊ होतो. म्हणजे मार्दव येते ते पाण्याने. स्निग्ध द्रव्य ते पाणी उडून जाऊ देत नाही. या द्रव्यांच्या योग्य वापराचे सर्व नियम या एका तत्त्वावरून निघतात.

प्रकार : कार्यानुसार तीन प्रकार मानतात. (१) आच्छादक : पेट्रोलॅटम, मेण, लोकरीपासून मिळणारे लॅनोलीन. पृष्ठभागावर थर होऊन ती बाष्पीभवन रोखतात. (२) पूरक : तेले व सेरामाइडयुक्त क्रीमे. कोशिकांमधील फटी ती भरून काढतात. (३) जलधारक : ग्लिसरीन, यूरिया. ही पाणी धरून ठेवतात. यूरियाचे प्रमाण वाढविल्यास जाड, निबर त्वचा सुटी होण्यासही मदत होते. मात्र शेतातील यूरिया खत यासाठी कधीही वापरू नये.

परंपरा : आयुर्वेदात अभ्यंग हा दिनचर्येचा भाग मानला आहे. पाण्याने पुनःपुन्हा धुतलेले शतधौत घृत व राळेचे मलम महाराष्ट्रात परिचित आहेत. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढलेले, थंड झाल्यावर घट्ट होणारे तेल (भिरंडेल) वितळवून टाचांच्या भेगांत भरतात. पेट्रोलॅटमचे एकस्व रॉबर्ट चेझब्रो यांनी अमेरिकेत १८७२ मध्ये घेतले.

कोरड्या प्रदेशातील वापर : या द्रव्यांची गरज हवामान व व्यवसाय यांवर कशी अवलंबून असते, हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. हिवाळ्यातील कोरडी, थंड हवा व उन्हाळ्यातील तप्त वारे त्वचेतील पाणी ओढून घेतात. विहिरी व कूपनलिका यांचे पाणी जेथे दुष्फेन (जड) असते, तेथे साबण जास्त लागतो आणि त्याचा अंश त्वचेवर राहतो. साबण अल्कधर्मी व निरोगी त्वचा किंचित अम्लधर्मी असल्यामुळे तिची हानी होते.

घोड व मुठा कालव्यांच्या लाभक्षेत्रांत उसाचे पीक आहे. ऊसतोडणीचा हंगाम मुख्यतः कोरड्या महिन्यांतच येतो. करवती कडांच्या पात्यांनी हातपाय ओरखडतात आणि माती त्वचेवरील स्निग्धांश शोषून घेते. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. कोणत्याही कारखान्यात विद्रावक किंवा प्रक्षालके हाताळणाऱ्या कामगारांच्या हातांवरील स्निग्धांश असाच नाहीसा होतो. तळपायांत त्वक्‌स्नेह ग्रंथी मुळीच नसतात, म्हणून भेगा प्रथम टाचांना पडतात. भेग हे जंतूंना मोकळे दार होय. मधुमेह किंवा कुष्ठरोग यांमुळे पायांची संवेदना गेली असेल, तर न दुखणारी भेग दुर्लक्षित राहून तिची जखम होते व प्रसंगी पाय गमवावा लागतो.

वापराची रीत : स्नानापूर्वी लावलेल्या तेलाचा बराच अंश उटणे वा साबण यांबरोबर निघून जातो. म्हणून स्नानानंतर अंग हलके टिपून, ते ओलसर असतानाच, तीनचार मिनिटांत द्रव्य लावावे. भेगाळलेले पाय रोज १५–२० मिनिटे साध्या पाण्यात बुडवून, टिपून, लगेच पेट्रोलॅटम लावावे. संवेदनाहीन पायांसाठी गरम पाणी वापरू नये आणि भेगांच्या कडा पात्याने कापू नयेत. बोटांच्या बेचक्यांत द्रव्य लावू नये. तेथे ओल राहून कवकसंसर्ग होतो. महाग द्रव्य क्वचित वापरण्यापेक्षा साधे द्रव्य नियमितपणे वापरणे अधिक हितकर असते. खोबरेल तसेच करडई व सूर्यफूल यांची लिनोलीइक अम्लयुक्त तेले उपयुक्त आहेत; ऑलिव्ह तेलाने मात्र त्वचेचा अडसर दुबळा होतो असे आढळले आहे.

मर्यादा व दक्षता : पुणे परिसरात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलेल्या गाजर गवतामुळे (काँग्रेस गवत) होणाऱ्या त्वचाशोथात ही द्रव्ये केवळ साहाय्यक ठरतात, गवताचा संपर्क टाळणे व वैद्यकीय उपचार आवश्यक असतात. अर्भकांना रोज मार्दवकारी द्रव्य लावून पुढील इसब टळतो, ही अपेक्षा ब्रिटनमधील २०२० च्या मोठ्या चाचणीत खरी ठरली नाही. मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांसाठी मात्र तेल लावण्याचा विचार करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ मधील शिफारस आहे. ही द्रव्ये मुरलेली वस्त्रे व पट्ट्या चटकन पेटतात. म्हणून चूल, स्टोव्ह व विडी यांपासून त्या दूर ठेवाव्यात. भेगेतून रक्त वा पू येत असल्यास, किंवा पाय सुजून लाल झाल्यास, केवळ मलमावर विसंबून न राहता वैद्यकीय सल्ला घ्यावा.